कितव्या पायरीला थांबलात?

कंपौंडर चाचा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. कोणी समोर आलं की त्यांची नजर खाली जायची. वहाणा, टाचा, अंगठे, बोटांच्या बेचक्या असं सगळं पाहून ती सावकाश वर यायची आणि मगच "या, बसा" व्हायचं. नव्या माणसाला वाटे, आपण चिखलाचे पाय घेऊन आत आलो म्हणून म्हातारा रागावलाय. बेंबळीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा पहिल्या भेटीत मीसुद्धा घाईघाईनं पाय धोतराखाली ओढले होते. "ऱ्हाऊ द्या गुरुजी," ते म्हणाले, "चांगले हायत तुमचे पाय. चालते ठेवा."

निजामाच्या अमलात ते सरकारी दवाखान्यात कंपौंडर म्हणून लागले. ते राज्य गेलं, दुसरं आलं, दवाखान्याची पाटी बदलली, चाचा आत पुड्या बांधतच राहिले. निवृत्त झाल्यावर माणूस घरी बसतो, नातवंडं खेळवतो. चाचांनी मात्र एक पत्र्याची पेटी केली आणि दर बाजारच्या दिवशी ती सायकलला बांधून आमच्या शाळेच्या ओसरीवर यायला सुरुवात केली. पेटीत एक स्पिरिटचा दिवा, सहा काचेच्या नळ्या, एक चिमटा आणि निळ्या औषधाची उंच बाटली. लघवी तपासून साखर आहे का ते सांगायचं, नाडी बघायची, चार शब्द समजावायचे, आणि पैसा घ्यायचा नाही. फुकट म्हटल्यावर गावाला संशय आलाच. म्हातारा निवडणुकीला उभा राहणार, असं बरेच दिवस लोक धरून चालले होते. मीही एकदा विचारलंच, की हे कशासाठी? ते दिव्याची वात सारखी करत म्हणाले, "जनमभर लोकांच्या कापलेल्या बोटास्नी पट्ट्या बांधल्या, गुरुजी. आता बोट जाग्यावर हाय तवर भेटायचं ठरिवलंय."

तपासणी साधी होती. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब, आणि नळी दिव्यावर. औषधात मोरचूद असतं हे ऐकून शेतकरी जरा जवळ सरकले, कारण मोरचूद त्यांच्या ओळखीचं. निकालही चाचांनी गावाला समजेल असा बांधून ठेवला होता. "निळं ऱ्हायलं तर घरी जा. हिरवं झालं तर गूळ सोडा. विटकरी झालं तर माझ्यापाशी बसा." बाटली घेऊन येण्याची लाज मोठी होती. माणसं ती उपरण्यात, पिशवीत, एकानं तर भाजीच्या टोपलीत मेथीखाली लपवून आणली. चाचा कुणाला हसले नाहीत. ओसरीच्या मागच्या बाजूला त्यांनी माझ्याकडून एक तरट बांधून घेतलं, आणि तिथून बाटली आत सरकवायची, नाव सांगायचं नाही, पाहिजे तर नुसती खूण सांगायची, अशी सोय केली. त्यानंतर बायाही येऊ लागल्या.

काळजाची तपासणी तर त्याहून साधी. त्याला ना नळी लागे ना दिवा. पौर्णिमेला कोणी तुळजापूरला जाऊन आलं की चाचा त्याला हटकून विचारत, "दर्शन झालं? बरं झालं. वर येताना कितव्या पायरीला थांबलात?" तिथं देवीला उतरून जायचं आणि दर्शन झालं की चढून यायचं. तो आकडा ते वहीत माणसाच्या नावापुढं उर्दूत लिहून ठेवत, आणि पुढच्या साली पुन्हा विचारत. मागच्या साली न थांबता वर आलेला गडी यंदा दोनदा थांबला की चाचांचं पेन थांबे. "छातीत भरून येतं का? डावा हात दुखतो का?" असं विचारून ते त्याला सोलापूरच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून देत, आणि तो जाऊन येईपर्यंत दर बाजारी छळत. हळूहळू लोकांनाच सवय लागली. तुळजापूरहून आलेला माणूस अंगारा द्यायच्या आधी सांगायचा, "चाचा, औंदा न थांबता आलो बघा!"

मी त्यांच्या हाताखाली नळ्या धुवायचो, नावं पुकारायचो, पण माझ्या घरी मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. माझी आई माझ्याजवळ राहायची. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली, पाय काळा पडत गेला. शेवटी सोलापूरला नेलं तेव्हा तिथं अशीच नळी तापवली. ती विटकरी झाली आणि आठ दिवसांत वडील गेले. आईच्या मनात काटा मागं पडला आणि नळी तेवढी राहिली. "इचारू नये, बाबा," ती म्हणायची. "इचारलं की येतं." तिला सारखी तहान लागत होती, ती वाळत चालली होती, आणि ते मला रोज दिसत होतं. मी गावाला नाव पुकारून बोलावत होतो आणि आईपुढं गप्प बसत होतो. मास्तरकीचा सगळा तोरा घराच्या उंबऱ्याबाहेर.

एकदा मात्र मी जेवणावर रुसून बसलो. मोठ्या माणसाला शोभत नाही, पण उपाय चालला. दुसऱ्या दिवशी आईनं मुकाट्यानं बाटली दिली. मी ओसरीवर नेली, चाचांनी नळीत थेंब सोडले आणि नळी जागच्या जागी तांबूस झाली. वडिलांची ती नळीच मला दिसली. मी मटकन खाली बसलो तर चाचा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दिवा अजून पेटिवला न्हाय." मला काही कळेना. त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि पोट धरून हसले. कधी नव्हे ते हसले. "हळद हाय ही. ह्या औषधात सोडा असतो. हळदीला चुना लावल्यावर कुंकवाचा रंग येतो का न्हाय? तसं झालंय." आईनं तपासणी टाळायला हळदीचं पाणी भरून दिलं होतं आणि तेच लाल होऊन बसलं होतं. मी घरी जाऊन तणतणलो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बघ. म्या म्हनलं न्हवतं? त्या नळीत काय बी घाला, लालच हुतंय."

मी चाचांना म्हणालो, तुम्हीच घरी येऊन समजवा. ते म्हणाले, "न्हाय. भ्यालेल्या माणसाला ढकलायचं नसतं. सबूर करा. पण त्यांच्या पायावर नजर ठेवा. साखरेनं पाय बधिर हुतो." मी ठेवली नाही. आईचे पाय आपण बघतो ते नमस्कार करताना, आणि तेव्हाही डोळे मिटलेले असतात.

वैशाखातली गोष्ट. बाजारातून भाजी घेऊन आई घरी आली, पिशवी ठेवली आणि माठाकडं गेली. तिच्या मागोमाग अंगणात चाचा उभे. डोक्यावर ऊन, आणि हातात आईची एक वहाण. वयानं, मानानं एवढा मोठा माणूस माझ्या आईची वहाण हातात घेऊन उभा आहे हे बघून मी पुढं धावलो, पण त्यांनी मला हातानंच थांबवलं. आई पदर सारखा करत दाराआड झाली. आजवर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"आक्का," चाचा दाराकडं न बघता म्हणाले, "ही तुमची वहाण. मिठाच्या दुकानापुढं पडली. तिथनं इथवर तुमी एका पायानं उघड्या आलात. फुफाटा असा तापलाय की कुत्रं सुदीक पाय ठेवत न्हाय. तुमाला कळलं का?"

आईनं खाली पाहिलं असावं. मग ती हळूच म्हणाली, "न्हाय कळलं."

चाचांनी मला तिचा तळवा बघायला सांगितलं. टाचेजवळ बाभळीचा काटा मोडून बसला होता. भोवती कातडी पांढरी झाली होती, म्हणजे तो त्या दिवसाचाही नव्हता. मी आईला विचारलं, कधी मोडला? तिनं माझ्याकडं पाहिलं. वडिलांच्या काट्याच्या वेळी ती असंच विचारत होती आणि वडील म्हणाले होते, मला काय ठाऊक, दुखतंय कुठं? ते आम्हा दोघांना एकदमच आठवलं. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं पदराखाली बाटली धरून बाहेर आली. दाराआडून नाही, समोर आली. बाटली चाचांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "कंपौंडरसाब, ह्या बारीला हळद न्हाय."

ओसरीवरून पेटी आणली. दिवा पेटला. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटकरी. आई सगळा वेळ बघत होती. "ह्यांची बी अशीच झाली हुती," ती म्हणाली. चाचा नळी खाली ठेवत म्हणाले, "व्हय आक्का. रंग त्योच हाय. पर त्यांचा लई उशिरा दिसला, तुमचा येळेवर दिसला. आता फिकीर माजी. तुमी फकस्त माजं ऐकायचं."

काटा त्यांनी उकळलेल्या चिमट्यानं काढला. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गूळ बंद झाला, त्यावरून आठवडाभर घरात रुसवे झाले. जखम भरायला दीड महिना लागला आणि तो दीड महिना चाचा एक दिवसाआड सायकल मारत पट्टी बदलायला आले. शेवटच्या दिवशी त्यांनी आईला एक लहान आरसा दिला, पत्र्याच्या चौकटीचा. रोज सकाळी तळवे त्यात बघायचे, कुठं चीर, कुठं फोड. वडील गेल्यापासून आईनं आरसा हातात धरला नव्हता. तिनं तो घेतला. त्यात तिनं तोंड कधी पाहिलं नाही, पाय मात्र रोज पाहिले.

आणि मग आई ओसरीवर येऊ लागली. बायकांच्या बाजूला बसून एकेकीच्या वहाणा काढायला लावायची. तिचा आवाज असा चढला की चाचा म्हणायचे, "गुरुजी, आता आपल्याला पेन्शन."

दोनेक वर्षं अशी गेली. शाळेच्या ओसरीला पाच पायऱ्या होत्या. त्या पावसाळ्यानंतर चाचा पेटी घेऊन चढताना मधेच उभे राहून चष्मा पुसू लागले. मी ते दर बाजारी पाहत होतो. पायऱ्यांचा अर्थ मला त्यांनीच शिकवला होता. पण एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय विचारायचं, म्हणून मी नुसती पेटी हातातून घ्यायचो आणि हवापाण्याचं बोलायचो. या भिडेची मला आजही लाज वाटते.

विचारलं आईनं. ओसरी भरलेली होती. चाचा वर येऊन बसले, दम अजून खाली बसला नव्हता. आई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"कंपौंडरसाब, कितव्या पायरीला थांबलात?"

चाचांनी चष्मा काढला. "तिसऱ्या."

"मागल्या साली?"

चाचा हसून म्हणाले, "मागल्या साली थांबत न्हवतो, आक्का."

"मग डाक्टरकडं कवा जाणार? का मीच वहाण हातात घिऊन तुमच्या दारात येऊ?"

ते पुढच्याच आठवड्यात सोलापूरला गेले. काळीज थकलंय, सायकल बंद, दगदग बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुरुमला त्यांची लेक होती, ती न्यायला आली. जाण्यापूर्वी त्यांनी मला बसवून ती उर्दू वही मराठीत उतरवून घेतली. ते वाचत होते, मी लिहीत होतो. शेवटचं नाव त्यांनी स्वतःचं सांगितलं. पुढं आकडा, तीन. पेटी माझ्याकडं ठेवली. एस.टी.पर्यंत आई सोडायला आली होती. चाचांनी तिच्या पायांकडं पाहिलं, मग वर पाहिलं, आणि म्हणाले, "चांगले हायत. चालते ठेवा."

मुरुमहून त्यांची कार्डं येत. लेकीचं घर बैठं आहे, एकही पायरी नाही, मजा आहे, असं पहिल्या कार्डात होतं. चार वर्षं कार्डं आली. पाचव्या वर्षी आलं ते लेकीच्या अक्षरात. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. पुढं तिनं लिहिलं होतं, सोलापूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, वेळेवर दाखवलं हे नशीब, सहा महिने उशीर झाला असता तर त्याच साली गेले असते. अब्बा सगळ्यांना सांगत, मला बेंबळीच्या आक्कानं चार वर्षं दिली. मी कार्ड वाचून दाखवलं. आई बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "त्यांनी मला किती दिली, ते कुनी त्यांना लिव्हलं का रं?" मी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर अकरा वर्षांनी आई गेली, म्हातारपणानं, घरीच. बायकांनी तिला आंघोळ घालून बाहेर आणलं. मी नमस्काराला वाकलो, आणि त्या वेळी डोळे मिटले नाहीत. दहाही बोटं जागच्या जागी होती.