अर्धशिशीचं मौन

आमच्या निलंगा भागात अर्धशिशी उतरवायची ती बसलिंगप्पांनीच. पहाटे उगवतीकडं तोंड करून बसायचं, हातात लिंबाचा डहाळा धरायचा आणि उठल्यापासून सूर्य वर येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. आप्पा मंत्र घालायचे; मधे बोललं की गुण गेला. मंत्रानं किती जणांचं डोकं थांबलं ते देव जाणे. पण माणसं यायची.

सरजाबाई त्यांच्याकडं वरचेवर येणारी. गावात तिच्याइतकी तोंडाळ बाई नव्हती, त्यामुळं तिचं दुखणंही गावाला तोंडपाठ. आधी डोळ्यांपुढं काजवे, मग अर्ध्या डोक्यात ठणका, उलटी, उजेड नको, आवाज नको. अंधारात झोपली की दुसऱ्या दिवशी कामावर हजर. लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमाराचा दुष्काळ. उपाशीपोटी उन्हात खडी फोडून तिचा त्रास वाढला होता.

एका पहाटे नवरा निवृत्ती तिला धरून घेऊन आला. झोपेतून एकाएकी डोकं गच्च धरून उठली होती, एक पाय ओढत होती. "नेहमीचंच हाय," तो म्हणाला. ती नियमानं गप्प आहे, असंच सगळ्यांना वाटलं.

आप्पांनी डहाळा तिच्या उजव्या हातात दिला. तो पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तिच्या ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

"सरजा, बोल."

"आवं आप्पा, मौन मोडंल की!" निवृत्ती घाबरला.

"मौन गेलं खड्ड्यात! नाव सांग बाई तुझं."

ती धडपडली. नुसता घरघरता आवाज आला. आप्पा ओरडले, "ही अर्धशिशी न्हाई. लातूरला न्या, आत्ताच्या आत्ता!" विहिरीवर पाण्याचा टँकर रिकामा होत होता, त्याच टँकरमधून तिला दवाखान्यात नेलं. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली होती. आणखी उशीर झाला असता तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

ती जगली. हात लुळा राहिला, बोलणं अडखळत परत आलं. आप्पांना मात्र ती पहाट फार लागली. तेव्हापासून ते प्रत्येकाला आधी नाव-गाव बोलायला लावत, दोन्ही हात वर करायला लावत. दुखणं एकाएकी उठलेलं, नेहमीपेक्षा वेगळं किंवा तापाचं असलं, की सरळ लातूरला धाडत. लोक कुरकुरत, "अशानं गुण यील का?"

मग आप्पांच्या ओट्यावर बसलेली सरजाबाई एकेक शब्द जुळवत म्हणायची, "म्या... गप व्हते. तुमी... बोला."