त्या हाकेला मी उठलो नाही

“पळणं यांच्या रक्तातच आहे. गावाचा सांगावा घेऊन पळायचं कामच होतं ना यांच्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या!”

डॉक्टर माईकवर म्हणाले. हॉल हसला. त्यांनीच नुकती घातलेली शाल माझ्या खांद्यावर होती.

ब्रिटनमध्ये, साउथ वेल्समधल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम; डॉक्टर त्याचे अध्यक्ष. मी अठरा वर्षांचा. तिथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबनं मला पहिलं प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, म्हणून सत्कार. त्याआधीच्या सहा वर्षांत मंडळानं आम्हाला एकदाही बोलावलं नव्हतं. स्टेजवर न्यायच्या आधी डॉक्टरांनी आडनाव विचारलं. मग नागपुरात कुठे राहायचात, ते विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. “अच्छा,” म्हणाले. आणि माईक हातात घेतला.

मी काय केलं? “थँक यू, सर,” म्हणालो. वाकून.

मागच्या रांगेत आई टाळ्या वाजवत होती. आई नर्स. त्याच डॉक्टरांच्या वॉर्डात. तिच्या नोकरीमुळेच बाराव्या वर्षी मी या देशात आलो.

परतताना बसमध्ये विचारलं, “आई, तू टाळ्या कशाला वाजवल्यास?”

“सोमवारी ते राऊंडला येतात. मी काय करू मग?” पर्सची चेन लावत म्हणाली, “आणि तू नाही का वाकलास?”

वाकलो होतो. कारण मी रोजच वाकत होतो. सोळाव्या वर्षी क्लबच्या ज्युनियर टीममध्ये गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी कोचनं माझं नाव ‘करी’ ठेवलं. करी, म्हणजे रस्सा. बाकीच्या पोरांची टोपणनावं त्यांच्या आडनावांवरून. माझं मात्र ताटातलं. कोणी नाक दाबून हाक मारायचं, मी हसायचो. दोन वर्षं मी त्या हाकेला ओ दिली. तेवढ्या वेळात माझं खरं नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या बसमध्ये कळलं. डॉक्टर आणि कोच एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांनाही मी कुठे बसायचं ते नीट माहीत होतं.

पुढच्या शनिवारी मॅच. मी राखीव खेळाडूंच्या बेंचवर. मुख्य टीमबरोबर पहिल्यांदाच. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा आमचा विंगर लंगडायला लागला.

“करी, यू आर ऑन.” म्हणजे मैदानात उतर.

याच वाक्यासाठी मी चिखलात, बर्फात धावलो होतो. पाय आपोआप उठायला लागले. मी ते दाबून धरले.

“करी!”

“दॅट्स नॉट माय नेम.”

कोच वळला. “आत्ता? हे आत्ता बोलायचंय तुला?”

“नावानं बोलवा. येतो.”

बेंचवर कोणीतरी हसलं. कोचनं माझ्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि शेजारच्याला आत पाठवलं.

एवढंच. माझं करिअर तेवढंच. त्यानंतर एकदाही टीममध्ये नाव लागलं नाही. सीझन संपल्यावर कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. ‘ॲटिट्यूड’ असं कारण दिलं. मी आणखी चार क्लबांत ट्रायलला गेलो. तो शब्द माझ्याआधी तिथे पोचलेला असायचा.

आई महिनाभर धड बोलली नाही. मग एकदा भाजी चिरताना म्हणाली, “एका शब्दासाठी सगळं घालवलंस.” ती खोटं बोलत नव्हती.

आता मी ब्रिस्टलला गोडाऊनमध्ये आहे. पार्सलं उचलतो. कुठल्याही प्रोफेशनल मॅचमध्ये मी एक मिनिटही खेळलो नाही. मी बसून राहिलो म्हणून तो कोच सुधारला नाही, डॉक्टर अजूनही मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि आई अजून त्यांच्याच वॉर्डात आहे. माझ्यामुळे कुणाचंच काही बदललं नाही. बदलेल असंही वाटत नाही.

तरी ती दहा मिनिटं उद्या पुन्हा समोर ठेवा. त्याच हाकेनं बोलवा. मी बसूनच राहीन.