माह्या टोकनवर जयवंता

जयवंताचा मले हेवा वाटते, हे मी लपवत नाही. लपवून करू काय? साऱ्या वस्तीले माहीत आहे. छप्पन साली दीक्षा घ्याले आम्ही दोघी आपापल्या मायचा हात धरून गेलो. माह्या मायनं माह्या पांढऱ्या लुगड्याले दोनदा नीळ दिली होती. तरी गर्दीतल्या एका बाईनं कोणाच्या गालावरून हात फिरवला? जयवंताच्या. केसही तिलेच. सोडले की कमरेच्या खाली. माही वेणी म्हणजे उंदराची शेपटी.

नवरा पण पाहा ना. रामाजी सायकलरिक्षा चालवे, पण बायकोशी बोलणं किती गोड! माह्या नवऱ्याले, बापूजीले, मी एकदा म्हटलं, ‘तुम्ही काहून नाही बोलत असं?’ तं म्हणतात, ‘जयवंतासारखी हासून दाखव, मंग बोलतो.’ दोन दिवस त्यायले शिळं वाढलं मी.

एका गोष्टीत मात्र मी तिच्या वर होती. आम्ही दोघी मिलमध्ये रीलिंग खात्यात, सुताच्या लडी करत होतो. मी परमनंट, ती बदलीवाली. परमनंटले पितळेचं टोकन राहे. सकाळी गेटवर टोकन टाकलं की हाजरी लागली. बदलीवाल्या बायका गेटच्या बाहेर उभ्या राहत, आत कोणी गैरहजर निघालं तरच त्यायले काम. मी टोकन टाकून पदर सावरत आत जाओ, अन् जयवंता बाहेर उभी. बाप्पा, तेवढी दहा पावलं मी किती ऐटीत चालू!

आमच्यात एक चाल होती. परमनंट बाईले कुठं जायचं असलं, की ती आपलं टोकन बदलीवालीले दे. ती आमच्या नावानं काम करे, पगाराच्या दिवशी तिचा रोज आम्ही तिले देऊ. आमची हाजरी तुटत नव्हती, तिची चूल पेटे. आमच्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, नानाजी सारं पाहत अन् तोंड फिरवत. सारेच करत, म्हून कोणी बोलत नव्हतं.

ऐंशी साली जयवंतानं तिच्या प्रेमिलाचं लग्न केलं. जावई रेल्वेत. वस्तीत नुसतं ‘रेल्वे, रेल्वे’. माह्या पोटात आग पडली. माही पोट्टी तिच्याच वयाची. तेवढ्यात कोणी सांगतलं, कळमेश्वरले एक पोरगा आहे, तहसिलीत नोकरीले. मी मनात म्हटलं, रेल्वे काय घेऊन बसलात, मी तहसील आणते! पण जमायच्या आधी जयवंताले कळू द्यायचं नव्हतं.

सकाळी गेटवर मी तिच्या हातात टोकन ठेवलं. ‘अंगात ताप आहे वं, आज तू जाय.’

तिनं माह्या कपाळाले हात लावला. ‘लागत तं नाही.’

‘आतून आहे.’

ती हासली अन् टोकन घेऊन गेली. मी बस पकडली. कळमेश्वरच्या पोराच्या बापानं चहाच्या आधी स्कूटर मागितली, तिथंच सारं संपलं. संध्याकाळी घरी आली तं जयवंताच्या दारात ही गर्दी. मशीनच्या दातेरी चाकावरचं झाकण तेल द्याले काढलं होतं, ते कोणी लावलंच नव्हतं. तिचा उजवा हात आत गेला. दोन बोटं गेली.

दवाखान्यात धावत गेली मी. ती पडून होती, हाताले हे मोठं बँडेज. मले पाहून पहिलं काय बोलली?

‘ताप उतरला काय वं, कांते?’

मी ‘हो’ म्हटलं.

मंग युनियनचा मुकुंद तिच्या घरी आला. मी पण तिथंच बसली होती. त्यानं नीट समजावून सांगतलं. कामावर लागलं तं विम्यातून औषधपाणी भेटते, घरी बसायच्या दिवसाचे पैसे भेटतात. बोटं कायमची गेली म्हून बोर्डाचे डॉक्टर हात पाहतीन, कमाईची ताकद किती गेली ते ठरवतीन, अन् त्या हिशोबानं जन्मभर दर महिन्याले पेंशन. ‘परमनंट काय अन् बदलीवाली काय,’ तो म्हणे, ‘पहिल्या दिवसापासून हक्क आहे. फक्त त्या दिवशी मशीनवर हात तुमचा होता, हे सिद्ध झालं पाहिजे. रजिस्टरमध्ये नाव कांताबाईचं आहे.’

सारे माह्याकडं पाहाले लागले.

दुसऱ्या दिवशी नानाजी माह्या घरी आले. ‘हे पाह्य कांताबाई, टोकन दिलं म्हणशीन तं तुही नोकरी गेली अन् माहीही. तू कामावर होती, जयवंता आलीच नाही, एवढं सांग. बाकी मी पाहतो.’

चौकशीत मी तेच सांगतलं. अंगठा उठवला. भीती होतीच, पण खरं सांगू? आतून जरा गारही वाटलं. बोटं तुटून सुद्धा हिले जन्मभराची पेंशन, अन् मी टोकन गमावून बसू? काहून? साऱ्या चांगल्या गोष्टी हिच्याच वाट्याले काहून? असे विचार येत होते माह्या मनात, आता लाज वाटते सांगाले.

मिलनं लिहून दिलं, बाई त्या दिवशी कामावर नव्हती, घरी लागलं असन. विम्याचा कागद अडकला. रामाजी रात्रीही रिक्षा चालवाले लागला. जयवंतानं मले एक शब्द विचारला नाही. तिनं भांडण केलं असतं तं मीही दोन गोष्टी सुनावल्या असत्या. ते काही तिनं करू दिलं नाही.

महिनाभरानं एका सकाळी ती माह्या दारात उभी. केस मोकळे, गुंता झालेला, डाव्या हातात फणी. ‘अंबाडा घालून दे वं. घरधन्याले जमत नाही, प्रेमिला सासरी. अशी किती दिवस फिरू?’

मी तिले पाटावर बसवलं. ते केस पहिल्यांदा माह्या हातात आले. पोटभर हेवा केला होता मी त्या केसाचा. गुंता काढता काढता माहे हात थांबले. पाहते तं दहाची दहा बोटं जागच्या जागी. मी त्या दिवशी कामावर गेली असती तं त्या चाकात हात कोणाचा गेला असता? माहा. माय वं! मले रडू फुटलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्याच दिवशी मी मुकुंदकडं गेली. पुन्हा चौकशी झाली. साहेबासमोर मी सांगतलं, टोकन मी दिलं, खोटं मी बोलली, मशीनवर हात जयवंताचा होता. नानाजी बाहेर थुंकले माह्या समोर. बोर्डानं जयवंताचा हात पाहिला, पेंशन बांधून दिली. मिलनं मले घरी नाही बसवलं, पण टोकन काढून घेतलं अन् बदलीच्या रांगेत उभं केलं.

रांग काय राहते, ते तेव्हा कळलं. थंडीत, उन्हात, गेटच्या सळ्या धरून उभं राहा अन् आत जाणाऱ्यायच्या पाठी पाहा.

आता या गोष्टीले दहा वर्षं झाली. पेंशन आली की जयवंता माह्यासाठी जिलेबी आणते, अन् मी अजूनही जळते. जिलेबी खाते, अन् जळते. रोज सकाळी ती फणी घेऊन येते, मी अंबाडा घालते. केस पिकले, पण दाट तेवढेच, मेले!

मागच्या हप्त्यात मी म्हटलं, ‘जयवंते, एक सांगू? त्या दिवशी मले ताप नव्हता. कळमेश्वरले गेली होती मी.’

‘माहीत आहे. कपाळ थंडगार होतं.’

‘मंग दवाखान्यात काहून विचारलं?’

तिनं मांडीवरच्या फणीतले केस काढले. मंग म्हणे, ‘गेटवर उभी राहून रोज मनात म्हणत होती मी, आज कांता आजारी पडो. रोज, कांते. तू टोकन टाकून आत जायची ना पदर सावरत, तेव्हा मले पाहावत नव्हतं. त्या दिवशी तू ताप म्हटलं, तं थंड कपाळाले हात लावूनही मले बरंच वाटलं. बोटं गेली, तं मले वाटलं, हे त्याचंच फळ भेटलं, म्हून पहिले तुहा तापच विचारला.’

माह्या हातात तिचा अंबाडा होता. मी जोरानं पीळ दिला अन् आकडा खोचला.

‘दुखते वं!’

‘दुखू दे,’ मी म्हटलं, अन् सुटलेली एक बट पुन्हा आत घातली.