उलटा कागद आणि शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट स्वारगेटजवळच्या त्यांच्या कार्यालयात झाली. सामाजिक कार्यक्रमांचा लोकांना खरोखर उपयोग होतो का, हे मोजून सांगणारी त्यांची छोटीशी संस्था. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी मोठ्या तोऱ्यात मुलाखतीला गेले होते. ताईंनी पदवीचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "जिना चढताना दम लागला का? वस्तीत याहून जास्त चढ आहेत." मी नाही म्हटलं. "मग सोमवारपासून या." झाली मुलाखत.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या विद्वत्तेवर या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मला मात्र माझ्या एका घोडचुकीबद्दल लिहायचं आहे, कारण ताई मला तिथेच कळल्या.

कात्रजच्या एका वस्तीत मुलांसाठी संध्याकाळचे वाचनवर्ग चालत. ते पुढे चालवायचे की बंद करायचे, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. वर्षाच्या सुरुवातीला मुलांकडून एक उतारा वाचून घेतला आणि वर्षअखेरीला पुन्हा तोच. तुलना करायची तर उतारा तोच हवा, हे माझं डोकं. शिवाय पहिल्या वेळी जाताना तो वर्गाच्या भिंतीवर चिकटवण्याचा उदारपणाही मीच केला होता. निकाल असा काही झकास आला की मी हवेतच तरंगत होते.

अहवाल देण्याआधी स्वतः जाऊन बघायचं, हा ताईंचा शिरस्ता. त्या सतरंजीवर बसल्या, समोर सात वर्षांच्या मनीषाला बसवलं आणि हातातला उताऱ्याचा कागद तिच्यापुढे धरला. मनीषाने घडाघडा वाचून दाखवलं.

"बाळ, कागद उलटा आहे," ताई शांतपणे म्हणाल्या.

"असू द्या की आज्जी, मला येतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

वर्गाच्या शिक्षिका अगदी रडवेल्या झाल्या. "ताई, हे बाहेर कळलं तर वर्ग बंद पडतील हो."

ताईंनी त्यांना जवळ बसवून घेतलं. "पडतीलही. पण हिला वाचता येत नाही हे आज झाकलं, तर उद्या हिला शिकवणार कोण?"

पुढचे चार दिवस ताई रोज स्वतःच्या हाताने नवा उतारा लिहीत. वर्गाला न येणाऱ्या मुलांच्याही घरी आम्ही गेलो, कारण 'हा वर्ग नसता तर काय झालं असतं?' हे कळल्याशिवाय ताई कोणालाच शाबासकी देत नाहीत. वर्गातल्या थोड्याच मुलांना नीट वाचता येत होतं, पण वर्गाला न येणाऱ्या मुलांपेक्षा वर्गातली मुलं पुढे होती.

वर्गांचा निर्णय होणार होता त्या बैठकीत ताईंनी सुरुवातच केली, "आमच्याकडून मोजण्यात चूक झाली." आमच्याकडून! माझं नाव त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही आणि आजपर्यंत कोणाजवळ घेतलेलं नाही. शिकवण्याची पद्धत बदलून वर्गांना आणखी एक वर्ष मिळालं. परतताना बसमध्ये मला एवढंच म्हणाल्या, "भिंतीवर काही चिकटवायची हौस असेल, तर घरी कॅलेंडर लावा."

मनीषा आता एका छापखान्यात मुद्रितं तपासते. या ग्रंथाचीही तिनेच तपासली आहेत. परवा मी हे ताईंना कौतुकाने सांगितलं, तर म्हणाल्या, "वर्गामुळेच झालं कशावरून? तिची आईही जिद्दीची होती."

ताई, मनीषाचं मला सिद्ध करता येणार नाही. माझं येईल. आपण त्या दिवशी सतरंजीवर बसला नसता, तर तो अहवाल मी दिला असता, शाबासकी घेतली असती आणि जन्मभर तसेच अहवाल लिहीत राहिले असते. मुलं आहेत तिथेच राहिली असती आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता.

आपल्याला भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघे असेच ठणठणीत राहोत. सोमवारी वस्तीत जायचं आहे. नवे उतारे घेऊन मी जिन्याखाली उभी आहे.