कमरेएवढी चूल

स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. जेवायला बसलो तरी एक गुडघा उभा. कर्जतच्या यार्डात मी रेल्वेचा खलाशी होतो, आणि हा माणूस झोपेतही पाना फिरवत असेल, असं आमचा मुकादम सगळ्यांना सांगायचा. अशा माणसावर संकट आलं की तो रडत नाही, खिळे ठोकतो.

घाटात विजेच्या गाड्यांसाठी खांब उभे राहत होते, त्या वर्षीची गोष्ट. आषाढात लावणी चालू असताना माझी बायको बांधावरून घसरली आणि तिचा उजवा गुडघा पिरगळला. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच, म्हातारा बाप, मी आणि ती. डोंगरातल्या वाडीवरून हाड बसवणारी म्हातारी आली आणि पाला बांधून गेली, तेव्हा मी कामावर होतो. संध्याकाळी आलो तर बा ओट्यावर बसलेला. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च न करणारा माणूस.

"तिला पोशीरला धाड," तो म्हणाला. "चार म्हैने."

पोशीर तिचं माहेर. मी विचारलं, "का?"

"पाय धड नाय तिचा."

एवढं बोलून त्याने विडी पेटवली. माझ्या डोक्यात मात्र भडका उडाला. आमच्याच आळीतल्या एकाने हात मोडलेली बायको अशीच 'बरी होईपर्यंत' माहेरी पोचवली होती आणि शिमग्याला दुसरी घरात आणली होती. पहिलीला न्यायला कुणी गेलंच नाही. कामाला येत नाही ती सून माहेरी, हा गावाचा शिरस्ता मला ठाऊक होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ती मला हवी होती. हे तेव्हा तोंडाने कुणी म्हणत नसे, आज म्हणतो.

ती काम करू शकते एवढं बाला दाखवून दिलं की झालं, असं मी ठरवलं. अडचण एकच होती, तिला खाली बसता येत नव्हतं. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, विळी जमिनीवर. आणि खुर्चीवर, खोक्यावर बसून काम करायचं म्हटलं, तर सासऱ्यापुढे सुनेने उंच बसायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नसे. बा दारात आला की खाकरायचा. ते ऐकलं की ती असेल तिथून उठायची, डोईवर पदर ओढायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. आता त्या उठण्यासाठी तिला भिंत धरावी लागत होती. मी विचार केला, आधीच उभी असलेली बाई उठणार कशाला? स्वतःच्या अकलेवर मी बेहद्द खूश झालो.

यार्डात भंगाराला तोटा नव्हता. विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या वाट्या मोठमोठ्या खोक्यांतून यायच्या. पिवळट, हलकं, परदेशी लाकूड, त्यावर काळी अक्षरं. एरवी ती खोकी चहाच्या चुलीत जायची. मुकादमाला विचारून मी रोज दोन फळ्या डोक्यावर घेऊन कोसभर चालत घरी यायचो. रुळांखालून काढून टाकलेले कुजके स्लीपरही मिळाले, कुजका भाग कापला की आतून लोखंडासारखे. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. सुतारकीतलं मला ओ की ठो येत नव्हतं, पण घाई दांडगी होती.

स्लीपरच्या तुकड्यांवर कमरेएवढा मंच केला, वर माती थापून चूल मांडली. मोडक्या बैलगाडीचं चाक आडवं टाकून त्याला तीन पाय लावले आणि त्यावर जातं बसवलं. खोक्याच्या फळ्यांचं टेबल केलं, विळी त्यालाच खिळ्यांनी ठोकली. पाण्याच्या हंड्यांना उंच घडवंची झाली. पंधरा दिवसांत माझं स्वयंपाकघर जमिनीवरून उठून कमरेपर्यंत आलं. आळीतल्या बाया बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. "मड्डम झालीस गं," एक म्हणाली, "आता टोपी घाल." बायकोही हसली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती उभ्याने दळायची, चिरायची, भाकऱ्या थापायची.

तरी माझं समाधान होईना. धूर डोळ्यांत जातो म्हणून चूल दोन बोटं खाली घेतली, मग चार बोटं वर. जात्याचा एक पाय लचकायचा म्हणून तो बदलला, मग उरलेले दोन्ही बदलले. "आता बरी झाली का उंची?" मी रोज विचारायचो. "बरी हाय," ती रोज म्हणायची.

आणि बाने घरात येणं बंद केलं. ताट ओट्यावर मागायचा. आंघोळीला जायचं तर सरळ घरातून न जाता शेतातून वळसा घालून मागच्या दारी जायचा. माझ्या फळ्यांकडे एकदा बघेल तर शपथ. मी आतून धुमसत होतो. म्हाताऱ्याला सून नकोच आहे, ती काम करतेय हे त्याला बघवत नाही, असं मी धरून चाललो.

भाद्रपदातल्या एका सुटीच्या दिवशी मी तिच्यासाठी फळी तासत होतो. बाहेरून बाने भाकरी मागितली आणि माझा तोल गेला. रंधा हातात घेऊनच ओट्यावर गेलो. "काम करत नाय म्हनून धाडायची व्हती, आता करते तर तोंड वाकडं! सांग ना एकदा, नको हाय तुला ती!"

बाने माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि आत गेला. खाकरला नाही. जन्मात पहिल्यांदा खाकरला नाही.

ती चुलीशी होती, सगळा भार डाव्या पायावर. बाने कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं ओढलं, तिच्या मागे आणून आपटलं आणि स्वतः तिच्यासमोर उघड्या जमिनीवर मांडी घालून बसला.

"मी खाली बसलो," तो म्हणाला. "आता तू वर बस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग चुलीच्या मंचाला धरून हळूहळू खोक्यावर टेकली. पाय पुढे पसरला तेव्हा मला दिसला, गुडघ्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, जोडवं बोटात रुतलेलं.

"म्हातारी म्हनाली व्हती, चार म्हैने पायावर भार नको," बा म्हणाला. "पोशीरला तिची आई हाय. बसून खाल्लं असतं पोरीनं. तू तिला दिवसभर उभी केलीस."

"मग तवा का नाय सांगितलंस?"

"सांगितलं की. पाय धड नाय म्हनलं." मग जरा थांबून, "मी आलो की ती सरळ उभी ऱ्हायला धडपडते. म्हनून येत नवतो."

मला शरम वाटली आणि शरमेचा रागच झाला. तो मी तिच्यावर काढला. "तू तरी बोलायचं व्हतंस!"

"तुमी रोज चुलीचं इचारायचात," ती म्हणाली. "पाय दुखतो का, हे एकदा तरी इचारलंत?"

तिचा आवाज चढला नव्हता. मी रंधा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत पेंढा पसरून तिला पोशीरला पोचवलं. परतीच्या वाटेवर भीती काही सुटेना. आता ही येईल का, आणि का यावं? घरी मीच रांधू लागलो, त्याच चुलीवर. आठवड्याभरात माझ्या धडधाकट पोटऱ्या भरून आल्या, जात्यापाशी उभं राहवेना. मी कुऱ्हाड घेतली आणि चुलीपासून घडवंचीपर्यंत सगळं उतरवून टाकलं. बा बघत होता. त्याने नुसती विडी पुढे केली.

भात कापून, झोडून झालं आणि पौषात मी पोशीरला गेलो. मी अंगणातच थांबलो. ती ओट्याच्या पायऱ्या उतरून, कशालाही न धरता, माझ्यापर्यंत चालत आली. मी तिच्या तोंडाकडे न बघता पायाकडेच बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"आता इचारा," ती म्हणाली.