अप्पांचा फवारा

अप्पा कुठलीही वस्तू आधी दाताखाली धरून बघत. उभा जन्म लातूरच्या डाळमिलीत गेलेला. तुरीचा दाणा दाढेखाली कट्‌कन मोडला की मालात ओल किती ते अप्पा सांगायचे, आणि मग भलेभले आडते गप्प बसायचे. मिल मुलाच्या हाती सोपवून ते घरी बसले, तेव्हा बंगळुरूच्या लेकीनं वेळ जायला म्हणून हातानं दाबायचं कॉफीचं यंत्र पाठवलं. सोबत भाजलेल्या बियांचा पुडा होता. अप्पांनी पुडा फोडला, पहिली बी सरळ दाढेखाली धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाळल्यात चांगल्या. पन मास्तर, लई कडू हायत की."

मास्तर म्हणजे मी. नांदेडहून लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो होतो आणि अप्पांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. मी पोरांना हवेचा दाब, पाण्याचा दाब असलं काहीतरी शिकवतो, एवढं कळल्यावर अप्पांनी मला यंत्राचा जाणकार ठरवून टाकलं. यंत्र दिसायला पाण्याच्या बाटलीएवढं. खाली कॉफीची पूड भरायची, वर कढत पाणी ओतायचं आणि डोक्यावरची मूठ खालीवर दाबत राहायची. मधे दाबाचा काटा. तो हिरव्या पट्ट्यात गेला की खालून मधासारखी दाट धार पडते, वर तांबूस साय धरते. असं सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. आमचं झालं भलतंच. तळाचं झाकण आटे धरायच्या आधीच अप्पांनी मूठ दाबली आणि कॉफी फर्रकन उडाली ती थेट भिंतीवर, भिंतीखाली वाळत घातलेल्या पापडांवर आणि त्यातली थोडी माझ्या चष्म्यावर.

अक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, पोळपाटासमोरून उठल्यादेखील नाहीत. "ही फवारणी हाय. शेतात जाऊन करा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून यंत्राचं नाव फवारा पडलं आणि अप्पांची कॉफी घराबाहेर गेली. औशाच्या रस्त्याला त्यांचं शेत होतं. दर रविवारी सकाळी स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत फवारा, हातदळणी, थर्मास, आणि मागच्या सीटवर मी.

तिथं बांधावर बसून अप्पा बिया दळायचे. पूड चिमटीत घेऊन चोळायची, "रव्याहून बारीक, पिठाहून जाड" असं पुटपुटायचं, पसंत नसेल तर पुन्हा दळायची. वारा सुटला की पाणी निवतं म्हणून फवाऱ्याला गळ्यातलं उपरणं गुंडाळायचं. मग मूठ दाबायची, ती अगदी संथ. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मास्तर, घाई केली की आंबट, रेंगाळलं की कडू." हे वाक्य ते कॉफीबद्दल बोलायचे तसंच मुलाच्या व्यवहाराबद्दल बोलायचे, माझ्या रखडलेल्या लग्नाबद्दलही बोलायचे. एका स्थळाला होकार द्यायला मी महिना लावला तेव्हा त्यांनी "कडू" एवढा एकच शब्द काढला होता.

एकदा आम्ही दोघं माझ्या घरी नांदेडला निघालो होतो. अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबली तशी अप्पांनी बाकड्यावर दुकान मांडलं. कंडक्टरनं घंटी दिली. मी म्हटलं, "अप्पा, गाडी चालली."

"जाऊ द्या. काटा हिरव्यात आलाय."

"आपल्या पिशव्या आहेत आत!"

"पिशव्या नांदेडला पोचतील. काटा पुन्हा असा येत न्हाई."

पिशव्या खरंच पोचल्या. आम्ही मागच्या गाडीनं दांडीला लोंबकळत गेलो. पण खोटं कशाला बोलू, ती कॉफी अमृत होती.

एवढं सगळं जमलं तरी अप्पांच्या मनात एक कुसळ होतंच. अक्का त्यांच्या कॉफीला तोंड लावत नव्हत्या. शेतात आल्या की अप्पा पहिला कप त्यांच्यापुढे धरायचे. अक्का तो नाकाजवळ न्यायच्या, "काढा हाय" म्हणायच्या आणि परत करायच्या. हे दर वेळी. दुधाच्या, साखरेच्या, आलं ठेचून घातलेल्या चहावर त्यांचा पिंड पोसलेला. मी एकदा म्हटलं, नसेल आवडत, सोडून द्या. अप्पा हरभऱ्याचे घाटे खुडत म्हणाले, "मास्तर, जल्मात हिला मी एक कप चहा करून दिला न्हाई. मिलीतून यायचो आन् आयता कप हातात. आता माझ्या हातानं करायलो, तर ही चव बी घेईना. एकदा चांगली हाय म्हनली की झालं माझं." मी हसण्यावारी नेणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं.

मग आली मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर कुलपं लावून शेतात असतं. कडब्याची खोपटी म्हणजे कोप, तिच्यात पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातल्या आंबिलाचा माठ, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. जेवणं झाल्यावर अप्पांनी फवारा काढला. पहिला मान शेजारच्या शेतातल्या तात्यांचा. तात्यांनी इवल्या कपात वाकून पाहिलं. पाहुण्याला आंबिलाचे तांबे रिचवायला लावणाऱ्या घरात घोटभर काळं पाणी मिळालं, म्हणजे ते एकच असणार. त्यांनी टोपी काढली, निवलेली कॉफी उजव्या तळहातावर घेतली, भक्तिभावानं प्राशन केली, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, "कुठल्या देवस्थानचं म्हनायचं, अप्पा?"

मागं पाहुण्यांची रांग लागली, सगळ्यांचे तळहात पुढे. ही कॉफी आहे असं सांगायचा धीर ना अप्पांना झाला ना मला. एकेकाच्या हातावर अप्पा थेंब थेंब घालत गेले. त्या दुपारी आमच्या बांधावरच्या सगळ्या टाळक्यांना कॉफीचा वास येत होता. अक्का पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "काढ्याचं तीर्थ झालं की वो!" म्हणाल्या, पण प्यायल्या नाहीतच.

पुढच्या पावसाळ्यात अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, हात गेला. तोंड एका बाजूला ओढलं, जीभ जड झाली. फवारा फडताळात गेला. एका रविवारी त्यांचं मन रमावं म्हणून मी तो अंगणात आणला आणि त्यांच्यादेखत दाबला. अप्पांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि कसंबसं म्हणाले, "आं...बट." त्यानंतर फवाऱ्याचं नाव काढलं की ते मान फिरवायचे.

पुन्हा वेळ अमावस्या आली. आंबिलाच्या माठाशेजारी, टोपल्यात, अक्कांनी स्वतः फवारा ठेवलेला मला दिसला. जेवणं झाली. अप्पांची खुर्ची कोपीपुढे उन्हात होती. अक्का त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या, पूड भरली, पाणी ओतलं. अप्पा डाव्या हाताचं बोट उचलून खुणावायला लागले, दमानं, दमानं.

"शिकवू नका मला," अक्का म्हणाल्या. "रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारू मारू जल्म गेला माझा."

आणि खरंच, त्यांचा हात असा एका लयीत चालला की काटा हिरव्या पट्ट्यात जाऊन बसला तो हललाच नाही. धार पडली. वर साय धरली. अक्कांनी कप अप्पांच्या ओठांना लावला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

अप्पांनी घोट तोंडात घोळवला, सावकाश गिळला आणि म्हणाले, "काढा... हाय."

"काढा?" अक्कांचा पारा चढला. एवढी मेहनत त्यांची! "काढा म्हनं! आना हिकडं." आणि कप ओढून घेऊन त्यांनी सरळ तोंडाला लावला. एक घोट. थांबल्या. मग आणखी एक. "चांगली हाय की वो! तुमच्याच तोंडाला चव न्हाई."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची जी बाजू हसू शकत होती ती सगळी हसली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी उगाच चष्मा पुसत बसलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर अप्पा गेले. मी नांदेडला परतलो, लग्न केलं, पण वेळ अमावस्येला लातूर चुकवत नाही. अक्का कोपीपुढे बसून फवारा मारतात आणि पहिला कप स्वतः पितात. यंदा बायकोला घेऊन गेलो होतो. तिनं कप नाकाजवळ नेला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "अहो, काढ्यासारखा वास येतोय."

अक्कांच्या कानांना वय नाही. त्यांनी हात पुढे करून शांतपणे कप परत घेतला.

"ऱ्हाऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "मला बी लई उशिरा कळाली."