मुक्या सिनेमातली मान्सॉकची हाळी

थिएटरच्या दारातच बोंगशिमला मळमळलं. सगळा जन्म मासळीच्या आतड्यांत गेला, पण कधी नाक दाबावं लागलं नव्हतं. इथे मात्र पाकात घोळलेल्या लाह्यांचा असा चिकट, जळका वास कोंडला होता की तिला उमासाच आला.

"काय मेलं जाळतायत गं आत?" तिने तॉक्सुनला विचारलं. तॉक्सुन तिची शेजारीण. बंदरावर मासळी निवडायलाही तिच्याच बाजूला बसायची.

"लाह्या आहेत. तुझ्या सिनेमाची खिरापत," तॉक्सुन म्हणाली.

चुगपो बंदरातल्या झाडून सगळ्या बायका बस करून पुसानला आल्या होत्या. सोबत उकडलेली अंडी होती, तांदळाच्या वड्या होत्या आणि ओळखीच्यांना वाटायला खारवलेल्या मांदेलीच्या बरण्याही होत्या. सिनेमाचा पहिला दिवस. भिंतीवर दाराएवढ्या चित्रात बोंगशिमचे दोन हात झळकत होते. चेहरा नव्हता. नुसते हात, मनगटापर्यंत खवल्यांनी चमचमणारे.

"तोंड कापलं की गं तुझं."

"बरं केलं. तिकिटं खपायला हवीत ना!"

बायका खिदळल्या. बोंगशिमही हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. ती इथे हात बघायला आली नव्हती. ती आली होती नवऱ्याचा आवाज ऐकायला.

बोंगशिम मूळची कोजे बेटावरची. लग्न होऊन चुगपोत आली आणि त्या दिवसापासून गावाने तिला कोजेवाली करून टाकलं. नवऱ्याचं नाव पेक मान्सॉक. हा माणूस बंदरावर हाळी द्यायचा. होड्या मांदेली भरून धक्क्याला लागल्या की पुरुष रांगेने उभे राहून जाळं झटकतात. मासळी जाळ्याच्या डोळ्यांत रुतलेली असते. सगळ्यांचे हात एका क्षणी वर गेले तरच ती सुटून उडते, नाहीतर नुसते खांदे भरून येतात. म्हणून एकजण हाळी देतो आणि बाकीचे "ए-या छा!" म्हणून झटका देतात. खाली ताडपत्रीवर उडालेली मासळी गोळा करणाऱ्या बायकाही त्यांच्याबरोबर ओरडतात. हाळीचे शब्द ठरलेले नसतात. देणाऱ्याच्या तोंडाला येईल ते.

मान्सॉकच्या तोंडाला फक्त तिथेच काहीतरी यायचं. घरात त्याचा संसार एकेका शब्दावर चाले. "मीठ." "चप्पल." "पाऊस." बोंगशिम दिवसभर बोलायची, तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. जाळ्यावर उभा राहिला की मात्र त्याला जणू कंठ फुटे. मुलगी झाली हे त्याने गावाला हाळीतून सांगितलं. राहायला आलेली आपली सासू घर सोडून जात नाही हेही हाळीतूनच सांगितलं, आणि सासू तेव्हा ताडपत्रीच्या कडेला बसलेली होती. एकदा बोंगशिम रागाने गाठोडं बांधून कोजेची बोट पकडायला निघाली. ती धक्क्यावरून जाताना मान्सॉकने हाळी दिली, "सूप मीच सांडलं, नाव मांजराचं घेतलं." सगळी रांग "ए-या छा!" म्हणाली. बोंगशिमने गाठोडं बुडाखाली घेतलं आणि मासळी निवडायला बसली.

नो हाजिन नावाचा डायरेक्टर चुगपोत आला तो मान्सॉकच्या शेवटच्या काही वर्षांत. पोरगेलासा, फार वाकून बोलणारा. त्याने लागोपाठ तीन वसंत चित्रण केलं. त्याचा माणूस लांब काठीला केसाळ माइक बांधून मान्सॉकच्या डोक्यावर धरी. "मेलेलं मांजर टांगलंय," असं बायका म्हणत.

तिसऱ्या वसंतात एक दिवस बोंगशिम गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेली. परतली तर बायका तिच्याकडे बघून हसत होत्या.

"आज तुझ्यावरच गायला गं तुझा नवरा. दम लागेपर्यंत."

"काय गायला?"

एक म्हणाली, कौतुक केलं. दुसरी म्हणाली, कसलं कौतुक, अब्रू काढली. तॉक्सुनने हात झटकले. "हात चालू असताना कान कुणाचे शाबूत असतात? आम्ही ए-या छा म्हणालो."

बोंगशिमने रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मीठ."

थंडी पडायच्या आत मान्सॉक गेला. झोपेतच गेला, एक शब्दही न बोलता. तेव्हापासून बोंगशिम एकाच गोष्टीची वाट बघत होती. त्या दिवशी ते काठीवरचं मांजर तिथे होतं. मांजराने सगळं ऐकलं होतं.

थिएटरात अंधार झाला. पडद्यावर समुद्र आला, मग धुकं, मग तिचे हात. मासळीचं पोट फोडताना होणारा बारीक आवाज इतका मोठा करून ठेवला होता की कुणीतरी कानात चिखल तुडवतंय असं वाटे. "शी!" तॉक्सुन पुटपुटली. "हा आवाज एवढा कशाला?"

मग जाळं वर आलं. रांग दिसली. मध्ये मान्सॉक. त्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि पडद्यावर ते तोंड गुहेएवढं मोठं झालं. बोंगशिमने खुर्चीचे हात घट्ट धरले.

आवाज आला नाही. कुठूनतरी वारा घुमत राहिला आणि जाळ्याची सळसळ झाली. पण सगळ्यांचे हात एकदम वर जाताना दिसले, आणि चुगपोच्या दोन ओळींतल्या साऱ्या बायका, कुणी न सांगता, एका दमात ओरडल्या, "ए-या छा!"

"श्श!" मागून आवाज आला. बॅटरी घेऊन एक मुलगी धावत आली. "आजी, कृपा करून शांत बसा. हा शब्द नसलेला चित्रपट आहे."

"पण तो हाळी देतोय ना बाई," तॉक्सुन म्हणाली. "उत्तर नाही दिलं तर जाळं कसं झटकतील?"

मान्सॉकचं तोंड पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. बोंगशिमने त्यानंतर पडद्याकडे पाहिलं नाही.

बाहेर हाजिन हात जोडून उभा होता. तिने सरळ विचारलं, "त्याचा आवाज कुठे आहे?"

"आजी, सिनेमाच तसा आहे. शब्द ठेवले तर तो फक्त चुगपोचा होतो. शब्द काढले की सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हणजे माझाच तेवढा नाही."

हाजिन वाकला. अजून थोडा वाकला.

सिनेमा पडला. रिकाम्या खुर्च्यांपुढे तो उतरणारच होता. पण वितरण कंपनीतल्या प्योबाईंच्या लक्षात आलं की जे थोडे लोक येतात ते झोपतात, आणि चांगले झोपतात. बाई हुशार. त्यांनी दुपारचे खेळ लावले आणि खुर्च्यांवर पांघरुणं ठेवली. कचेरीत मान मोडून काम करणारी सोलची माणसं जेवणाच्या सुट्टीत तिकीट काढून निजायला येऊ लागली. कुणीतरी लिहिलं, ही मासळी मन धुऊन काढते. कुणी लिहिलं, आजीचं मौन पाहून मला रडू आलं. तॉक्सुनच्या नातीने हे मोबाइलवरून वाचून दाखवलं तेव्हा बंदरावरच्या शेडमधल्या बायका पोट धरून हसल्या.

"कोजेवालीचं मौन! कुणी ऐकलंय का गं ते?"

बोंगशिम हसली नाही. तिने थुंकी टाकली.

थोड्याच दिवसांत कंपनीचा फोन आला. सोलला चला, खेळ संपल्यावर मंचावर उभं राहून प्रेक्षकांना नमस्कार करायचा. नट-नट्या करतात तसा. तॉक्सुन म्हणाली, जाऊ नकोस. बोंगशिम म्हणाली, जाणार. मंच असेल, माइक असेल, समोर माणसं असतील. तिथे विचारलं तर हाजिन वाकून वाकून जाईल कुठे?

सोलच्या थिएटरात ती पडद्याच्या बाजूला उभी राहून शेवट बघत होती. पहिल्या रांगेत एका तरुणाने मोजे काढून पुढच्या कठड्यावर पाय ठेवले होते. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. त्याच्या वरती, पडद्यावर, मान्सॉकचं तोंडही उघडं होतं. मान्सॉक जीव खाऊन ओरडत होता आणि हा घोरत होता. हॉलमध्ये ऐकू येत होतं ते फक्त घोरणं. बोंगशिमच्या घशाशी आंबट आलं. सडलेली मासळी तिने हाताने उपसली होती, पण असं कधी झालं नव्हतं.

दिवे मंद लागले. हाजिन, प्योबाई आणि ती मंचावर गेली. प्योबाईंनी तिच्या हातात माइक दिला. बोंगशिमने तो तोंडाशी धरला आणि माइक आहेच म्हणून आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा आवाज ह्या माणसाने कुठे ठेवलाय, ते विचारा त्याला!"

आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही. माइक बंद होता. मुद्दामच बंद ठेवला होता. हा नमस्कारही मुका होता, झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून. जागे होते त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सांगितल्याप्रमाणे दोन्ही पंजे वर करून हवेत हलवले. अंधारात ते पांढुरके पंजे वळवळताना पाहून तिला मासळीवर पडणाऱ्या अळ्यांची आठवण झाली. मोजेवाला डोळे चोळत उठला आणि तिच्याकडे बघून गोड हसला.

गाडीत बसल्यावर प्योबाई खुशीत होत्या. "आजी, किती छान! काय बोललात ते खाली कुणाला कळलं नाही, पण चेहरा असा काही होता! पुढे तेगूला जायचं, मग ग्वांगजू."

"मी वाकणार नाही," बोंगशिम म्हणाली.

"म्हणजे?"

"कंबर माझी आहे. ती आता वाकणार नाही. तुमच्या भिंतीवर माझे हात आहेत ना? त्यांनाच न्या."

प्योबाईंनी हाजिनकडे पाहिलं. हाजिन खिडकीबाहेर बघत होता. तिकडेच बघत तो म्हणाला, "आवाज आहे, आजी. सगळा आहे. मी पुसला नाही."

"मग इतके दिवस?"

"ऐकलात की म्हणाल, सिनेमात घाल. आणि मला नाही म्हणता आलं नसतं."

हे त्याचं पहिलं खरं बोलणं होतं, आणि तेच तिला सगळ्यात घाण वाटलं. चोरी केली असती तर एक वेळ समजलं असतं. ह्याने वस्तू खिशात ठेवून रोज नमस्कार घातला होता.

"घेऊन ये," ती म्हणाली.

तो आठवड्याने चुगपोला आला. दुपारची वेळ, होड्या अजून यायच्या होत्या. बोंगशिम पालथ्या खोक्यावर बसली. हाजिनने तिच्या मांडीवर लहानसं यंत्र ठेवलं आणि कानांवर हेडफोन बसवून दिले. "तोच दिवस आहे," तो म्हणाला. "तुम्ही नसलेला."

आधी समुद्रपक्षी ऐकू आले. मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि बोंगशिमच्या अंगावर काटा आला, कारण तो खाकरा तिने जन्मभर सकाळी उठताना ऐकला होता.

"आज कोजेवाली जागेवर नाही रे," मान्सॉक ओरडला.

ए-या छा!

"गुडघा घेऊन गेली, निघताना मला बोलली नाही."

ए-या छा!

"घरात ती बोलते म्हणून मला गप्प बसता येतं!"

ए-या छा!

"उद्या ती गप्प झाली तर मला बोलावं लागेल!"

ए-या छा!

"आणि मला येत नाही रे, मला घरातलं बोलता येत नाही!"

इथे रांगेत आणि ताडपत्रीवर हशा झाला. त्यात तॉक्सुनचा किनरा आवाज स्पष्ट होता. म्हणजे सटवीने ऐकलं होतं!

"गुडघ्या, लेका, बरा हो. तिला माघारी पाठव!"

ए-या छा!

बोंगशिम हलली नाही. डोळे मिटले होते की उघडे होते, तिलाही कळलं नाही. ओल्या गालांवर कसलीशी सावली पडल्याचं तिला जाणवलं. तिने वर पाहिलं. हाजिन गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या डोळ्याला कॅमेरा होता.

तो दचकला, पण कॅमेरा खाली आला नाही. "हात आपोआप गेला, आजी. तुम्ही इतक्या शांत बसला होतात. फक्त अजून थोडा वेळ, काही बोलू नका."

तिला आत्तापर्यंत जितकी शिसारी आली होती, त्या लाह्यांची, त्या लाळेची, त्या पंज्यांची, ती सगळी आता एका जागी गोळा झाली. आणि मग ती बोलू लागली.

"बोलू नको? का रे बाबा? तुझ्या गिऱ्हाइकांची झोप मोडते? घे, भर ह्याच्यात. माझं नाव ओक बोंगशिम. गाव कोजे, नवरा पेक मान्सॉक. गुडघा डावा. सूप खारट करते असं सासू म्हणायची, आणि खरंच करते. तुझ्या आईने तुला रडणाऱ्या बाईकडे बघताना मान वळवायला शिकवलं नाही का? नसेल तर मी शिकवते. वळव. अजून वळव. ही तॉक्सुन, हिला सगळं ऐकू आलं होतं आणि हिने मला सांगितलं नाही, हिचं मी नंतर बघते…"

"अगं, मी काय केलं?" शेडमधून तॉक्सुन ओरडली.

"तू गप्प बस! आज मी बोलतेय!"

हाजिन थोडा वेळ कॅमेरा धरून राहिला. ती श्वास घेईल, मध्ये एखादी शांत जागा सापडेल, अशी त्याला आशा असावी. बोंगशिमने त्याला तेवढी फट मिळू दिली नाही. शेवटी कॅमेरा खाली आला.

"पूस," ती म्हणाली. "आत्ताचं माझं तोंड. माझ्यासमोर पूस."

त्याने बटणं दाबली आणि कॅमेऱ्यावरचा छोटा पडदा तिच्याकडे फिरवला. तिथे आता काही नव्हतं. तिने नीट पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि अंगावर काही चिकटलं असावं तसे हात कपड्यांना पुसले. यंत्र मात्र मांडीवरच राहू दिलं.

"तेगूचं काय सांगू प्योबाईंना?" हाजिनने विचारलं.

"सांग, मी बोलतेय. बोलून झालं की कळवीन."

धक्क्याकडे पहिली होडी वळत होती. बोंगशिमने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि हाजिनकडे पाठ करून हाळी पहिल्यापासून लावली.